एरंडोलमध्ये एक घर बांधलं की किती कार्बन हवेत जातो? आणि त्यातलं आर्किटेक्टच्या हातात किती असतं?

'ग्रीन बिल्डिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पुण्या-मुंबईतली एखादी मोठी इमारत, गच्चीवर झाडं, लॉबीत भिंतीवर लावलेलं प्लॅटिनमचं प्रमाणपत्र आणि ब्रोशरवर हिरवं पान. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल काही येत नाही. तिथे महामार्गाच्या कडेला, नव्या प्लॉटिंगमध्ये, जुन्या गल्ल्यांत पाडलेल्या धाब्याच्या जागी घरं उभी राहतायत. कॉलम, बीम, स्लॅब, आणि स्लॅबच्या वर 'पुढे मजला चढवू' म्हणून सोडलेल्या गंजक्या सळया.

जगभरातले आर्किटेक्ट सध्या ज्या कार्बनबद्दल बोलतायत, तो याच सळयांत आणि याच स्लॅबमध्ये आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अलीकडच्या अहवालांनुसार, ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांमधून जगात जेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला ३४ ते ३७ टक्के वाटा इमारती आणि बांधकामाचा आहे. यात दोन गोष्टी येतात. एक, इमारत वापरताना लागणारी वीज आणि इंधन. दुसरी, इमारत उभी करताना लागणारं सिमेंट, स्टील, विटा, काच, टाइल्स बनवताना झालेलं प्रदूषण. पहिल्या भागाबद्दल आपण एलईडी बल्ब आणि फाइव्ह स्टार एसीमुळे बरंच ऐकलंय. दुसऱ्याबद्दल फारसं नाही. आणि लहान गावातल्या घराचा हिशेब मांडला की हा दुसरा भागच मोठा निघतो.

चला, हिशेब मांडू

समजा १,००० चौरस फुटांचं साधं आरसीसी घर आहे. ठेकेदार जो ढोबळ हिशेब तोंडपाठ सांगतात, त्यानुसार चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई लागते. म्हणजे ४०० गोण्या, अर्थात २० टन सिमेंट. सळई जवळपास ४ टन. विटा धरू १२ हजार.

एक टन सिमेंट बनवताना साधारण ६०० ते ८५० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कोणतं सिमेंट आहे त्यावर अवलंबून. म्हणजे सिमेंटचे झाले १२ ते १७ टन. भारतात एक टन स्टीलमागे दोन ते अडीच टन कार्बन धरला जातो, म्हणजे सळईचे ८ ते १० टन. भट्टीतली एक वीट ४०० ग्रॅमच्या आसपास कार्बन घेऊन येते, त्याचे जवळपास ५ टन. वाळू, खडी, टाइल्स, ट्रॅक्टर-डंपरच्या फेऱ्या सोडून दिल्या तरी बेरीज २५ ते ३० टनांच्या घरात जाते.

आता त्याच घराचं वीजबिल बघा. महिन्याला १०० युनिट धरले तर वर्षाला १,२०० युनिट. भारतातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सध्या साधारण ७०० ग्रॅमपेक्षा थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे वर्षाला झाले ८५०-९०० किलो.

थोडक्यात, वास्तुशांतीच्या दिवशी त्या घराने जेवढा कार्बन आधीच हवेत सोडलेला असतो, तेवढा विजेतून सोडायला त्याला तीसएक वर्षं लागतील. आणि हा सोडलेला कार्बन नंतर कितीही सोलर बसवलं तरी परत येत नाही. तो नकाशा काढतानाच ठरलेला असतो. म्हणून तर प्रश्न आर्किटेक्टपर्यंत येतो.

पण सिमेंटचं एवढं काय?

सिमेंट कारखान्यात कोळसा जळतो, धूर निघतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण फक्त कोळसा बदलून हा प्रश्न सुटत नाही, आणि इथेच मेख आहे. सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे क्लिंकर. तो बनवायला चुनखडी साधारण १,४५० अंशांवर भाजतात. चुनखडीच्या पोटातच कार्बन असतो. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, भट्टी कशावरही चालवा. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग हा असा, रसायनशास्त्राचा आहे. जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के सांगितला जातो, आणि सिमेंट बनवण्यात भारत चीननंतर दुसऱ्या क्रमांकावर आहे.

मग उपाय दोनच उरतात. सिमेंटमध्ये क्लिंकर कमी करा, किंवा घरात सिमेंटच कमी वापरा.

पहिला उपाय एरंडोलच्या कुठल्याही सिमेंटच्या दुकानात आज मिळतो. गोणीवर 'पीपीसी' लिहिलेलं असतं. त्यात औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेली असते आणि मानकानुसार ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते. राख जेवढी जास्त, तेवढा क्लिंकर कमी. राख आणायला लांब जायलाही नको. भुसावळजवळचं दीपनगरचं वीज केंद्र एरंडोलहून साठेक किलोमीटरवर आहे. या राखेचं करायचं काय, हा प्रश्न सरकारला १९९९ पासून पडलेला आहे. त्या वर्षीच्या अधिसूचनेत वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत बांधकामाच्या साहित्यात राख वापरायला सांगितलं होतं. पुढे ते अंतर १०० किलोमीटर झालं, आणि मग ३००.

तरीही 'स्लॅबला ५३ ग्रेडच पाहिजे' हा आग्रह सुटत नाही. याला निव्वळ गैरसमज म्हणता येणार नाही. पीपीसी हळूहळू ताकद धरतं. सेंट्रिंग लवकर काढायची घाई असलेल्या ठेकेदाराला ते परवडत नाही. शिवाय पाणी जास्त दिवस मारावं लागतं. काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राख मिसळलेल्याला किमान दहा, आणि कोरड्या कडक हवेत तर चौदा दिवस पाणी मारायची शिफारस आहे. खानदेशात बांधकामाचा हंगाम म्हणजे उन्हाळा. घरात प्यायच्या पाण्याची वाट बघायची आणि स्लॅबवर चौदा दिवस पाणी साठवायचं, हे गणित कोणत्याही परिपत्रकात सुटलेलं नाही.

पीपीसीच्याही पुढची एक पायरी आली आहे. 'एलसी-थ्री' नावाच्या सिमेंटमध्ये क्लिंकर निम्म्यावर येतो आणि उरलेली जागा भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी घेते. स्वित्झर्लंड, क्युबा आणि भारतातल्या आयआयटींनी मिळून हे काम केलं. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये त्याचं मानकही काढलं. कार्बन ३० ते ४० टक्के कमी होतो असं सांगितलं जातं. तालुक्याच्या दुकानापर्यंत ते पोहोचायला मात्र वेळ आहे.

धाब्याचं घर थंड होतं, मग लोकांनी का सोडलं?

सोशल मीडियावर दर उन्हाळ्यात जुन्या मातीच्या घराचा एक फोटो फिरतो. खाली लिहिलेलं असतं, 'एसीची गरजच नव्हती.' यात तथ्य आहे.

एरंडोल साधारण २०.९ अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो नेमका तेव्हा, दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. सावली पायाखाली जाते. या दिवसांत घराला सगळ्यात जास्त मार बसतो तो छपरावर. पाच इंचाचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खाली खोलीत सोडत राहतो. म्हणून रात्री अकरालाही पंख्याची हवा गरम लागते.

धाब्याचं छप्पर वेगळं. खाली लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काट्याकुट्यांचा थर, त्यावर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्याआधी वरून खारी माती. भिंतीही जाडजूड, पांढऱ्या मातीच्या. उष्णता आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग बाहेरचीच हवा निवते. कार्बनच्या भाषेत तर हे घर जवळजवळ फुकट: माती गावची, लाकूड आसपासचं, भट्टी कुठेच नाही.

पण दरवर्षी खारी टाकायला माणूस लागतो. एक पावसाळा चुकला की गळती सुरू. तुळयांना वाळवी, भिंतीत उंदीर. सागवानाचे आजचे भाव बघता अशी तुळई घालणं ही श्रीमंतांची हौस झाली आहे. आणि सगळ्यात गंभीर मुद्दा म्हणजे ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली बरीचशी दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. खानदेशातला तापीचा पट्टाही भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात नाही. ज्याने आपल्या घराला स्लॅब टाकला, त्याने फक्त 'फॅशन' म्हणून टाकला असं म्हणणं म्हणजे त्याच्या भीतीची थट्टा करणं आहे. 'मातीकडे परत चला' हा सल्ला बहुतेक वेळा फार्महाउस बांधणाऱ्यांना परवडतो.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: स्लॅबची सुरक्षितता ठेवून कार्बन आणि उष्णता दोन्ही कमी करता येतात का?

करून दाखवलेली उदाहरणं

इथे एक नाव टाळता येत नाही. लॉरी बेकर. १९१७ मध्ये बर्मिंगहॅमला जन्मलेला हा ब्रिटिश आर्किटेक्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परतीच्या जहाजाची वाट बघत मुंबईत थांबला होता, तेव्हा त्याची गांधीजींशी भेट झाली. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधलेलं असावं, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी पुढे आयुष्यभर सांगितला आणि केरळमध्ये शेकडो घरांत वापरला. त्या वेळी 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्दही नव्हता. पैसे वाचवायचे होते, एवढंच.

बेकर यांच्या दोन युक्त्या आजही हिशेबात बसतात. पहिली, 'रॅट ट्रॅप' पद्धतीची भिंत. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची. भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा साधारण पावपट कमी लागतात, मसालाही वाचतो आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. दुसरी, 'फिलर स्लॅब'. स्लॅबच्या खालच्या भागात ताण पडतो आणि तो ताण सळई घेते; तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. मग तिथे काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौलं किंवा मातीची भांडी बसवायची. काँक्रीट कमी लागतं, स्लॅब हलका होतो आणि खालच्या खोलीला ऊनही कमी लागतं. मात्र हे काम इंजिनिअरने सळईचं गणित करून दिल्याशिवाय करायचं नसतं. व्हिडिओ बघून तर अजिबात नाही.

महाराष्ट्रातच वर्ध्याजवळ दत्तपूरला 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' ही संस्था गावातल्या कुंभाराच्या चाकावर बनणाऱ्या शंकूच्या आकाराच्या कौलांपासून छप्पर करते. एकात एक कौल अडकवत कमान तयार करायची, कमानींची रांग लावायची आणि वरून गिलावा. अशा छपराला लाकूड फारसं लागत नाही, लोखंडही नाही.

आणि एका आर्किटेक्चर फर्मने हेच काम किती पुढे नेता येतं याचं उदाहरण एरंडोलच्याच नाशिक विभागात आहे. कोपरगावला, श्री शारदा इंग्लिश मीडियम शाळेत, २०१८ मध्ये माया सोमय्या ग्रंथालय उभं राहिलं. मुंबईच्या समीप पडोरा अँड असोसिएट्सचं हे काम. लांबून बघितलं तर जमिनीतूनच उचलल्यासारखी विटांची एक लाट दिसते. मुलं तिच्यावर चढतात, पलीकडे उतरतात. आणि खाली वाचनालय.

यातली गंमत छपराच्या जाडीत आहे. पातळ विटांचे जेमतेम तीन थर. स्लॅबमध्ये ताण सळई घेते, हे वर आलंच. इथे आकारच असा काढला आहे की ताण निर्माणच होऊ नये. सगळं वजन विटांना एकमेकींवर दाबत जमिनीपर्यंत उतरतं. दाब सोसण्यात वीट पक्की असते. ही पद्धत मूळची स्पेनच्या कातालोनिया भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्वास्ताविनो नावाच्या बाप-लेकांनी ती अमेरिकेत नेली. कोपरगावला फरक एवढाच की वजन कसं उतरेल याचं गणित कॉम्प्युटरवर मांडलं आणि विटा लावल्या माणसांच्या हातांनी.

ही वीटही भट्टीचीच आहे, तिचा कार्बन शून्य नाही. पण एवढ्या मोठ्या जागेवर छप्पर घालताना जाड स्लॅब आणि त्यातली सळई टाळली, हा निर्णय महत्त्वाचा. साहित्य सुधारण्याआधी आकार सुधारला. चांगल्या आर्किटेक्टचं काम इथूनच सुरू होतं.

याच्या उलट टोकाला पुण्यातल्या हडपसरचं 'सुझलॉन वन अर्थ' आहे. ख्रिस्तोफर बेनिंजर यांच्या फर्मचं हे काम, लीड प्लॅटिनम आणि गृहाचे पाच स्टार मिळवलेलं. ते वीज वाचवण्यातलं मोठं उदाहरण मानलं जातं आणि ते खरंही आहे, पण कंपनीच्या मुख्यालयाचं बजेट एरंडोलच्या घराला काही शिकवू शकत नाही.

बेकरचे पाच मैल एरंडोलला लावले तर?

इथे थोडं थांबायला हवं, कारण केरळचं उत्तर खानदेशात जसंच्या तसं चालत नाही. एरंडोलच्या आसपास काय मिळतं? काळा दगड, काळी माती, अंजनी-गिरणेच्या काठची गाळाची माती.

काळी माती कापसाला उत्तम, घराला त्रासदायक. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं घर तिच्यासोबत हलतं. भिंतींना तिरक्या चिरा जातात त्या यामुळेच. म्हणून इथे पाया खोल घ्यावा लागतो, जोत्याला बीम लागतो. म्हणजे जमिनीखालचं काँक्रीट टाळता येत नाही. या मातीची वीटही चांगली होत नाही, भाजताना तडकते. विटेला गाळाची माती लागते, म्हणजे नदीकाठची, म्हणजे बऱ्याचदा कसदार शेताचा वरचा थर.

रॅट ट्रॅप भिंतीला एकसारख्या मापाच्या, कडा सरळ असलेल्या विटा लागतात. स्थानिक भट्टीची वीट एक इकडे, एक तिकडे. गवंडी मग फट मसाल्याने भरतो, आणि वाचवलेलं सिमेंट तिथेच जातं. त्यापेक्षा राखेच्या विटा मापात एकसारख्या असतात आणि भट्टीत भाजाव्या लागत नाहीत. काही जण आता सिपोरेक्सच्या ब्लॉककडे वळतायत. ते हलके आहेत, उष्णता चांगली अडवतात, भिंतीचं वजन कमी झाल्यामुळे खालची सळईही थोडी वाचते. पण ते कारखान्यातून ट्रकने येतात.

दगडाचं काय? जोत्यापर्यंत काळा दगड आजही सगळ्यात स्वस्त कार्बनचा पर्याय आहे. तो फक्त फोडावा लागतो, भाजावा लागत नाही. अडचण एकच, दगड घडवणारे हात कमी होत चाललेत.

आणि छपरासाठी सगळ्यात स्वस्त उपाय कुठल्याच प्रमाणपत्रात शोभून दिसत नाही. गच्चीवर चुना. पांढरी गच्ची ऊन परत फेकते. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी 'कूल रूफ' धोरणच काढलं. एका उन्हाळ्यात दीड टनाचा एसी रोज आठ तास चालवला तर तीन महिन्यांत ८००-९०० युनिट जातात. म्हणजे तेवढ्यानेच १०० युनिटवाल्या घराचं वर्षाचं बिल पाऊणपटीने वाढतं. बांधतानाचा कार्बन मोठा आहे हे खरं, पण घराघरात एसी आला की वापरतानाचा कार्बनही त्याच्या मागोमाग धावतो. खानदेशात तो येतो आहे. कूलरला पाणी लागतं, आणि पाणीच नसतं.

मग आर्किटेक्ट हे करत का नाहीत?

काही करतात. २०१९ च्या मे महिन्यात ब्रिटनमधल्या नामवंत फर्म्सनी 'आर्किटेक्ट्स डिक्लेअर' या नावाने हवामान आणीबाणीची शपथ घेतली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यातल्या दोन सर्वात मोठ्या, फॉस्टर अँड पार्टनर्स आणि झाहा हदीद आर्किटेक्ट्स, बाहेर पडल्या. वादाचं कारण होतं विमानतळांचं डिझाइन. शपथ घ्यायला सोपी असते, कामं सोडायला नाही.

भारतात अडचण आणखी साधी आहे. आर्किटेक्टची फी बहुतेक वेळा बांधकामाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरते. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने सुचवलेलं मानधनही टक्केवारीतच आहे. म्हणजे एखाद्या आर्किटेक्टने डोकं लावून काँक्रीट कमी केलं, खर्च २० टक्के खाली आणला, तर मेहनत वाढली आणि फी मात्र घटली. इंजिनिअरचंही तसंच. सळई जास्त टाकली तर कुणी विचारत नाही. कमी टाकली आणि काही झालं, तर पहिला फोन त्यालाच. भीतीपोटी टाकलेल्या सळईचा हिशेब कुठेच होत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तालुक्याच्या गावातल्या बहुतेक घरांना आर्किटेक्टच नसतो. नकाशा मंजुरीपुरता असतो, घर ठेकेदार आणि मालक मिळून ठरवतात. शेजारच्याने सहा कॉलम घेतले म्हणून आपण आठ. सळया वर सोडल्या, कारण मुलगा उद्या मजला चढवेल. मुलगा पुण्यात स्थायिक होतो, सळया गंजतात. खालचा पाया मात्र न आलेल्या त्या दुसऱ्या मजल्याच्या वजनाचा घातलेला असतो, आणि त्याचा कार्बन कधीच गेलेला असतो.

नियम काय म्हणतात?

नियम आहेत, पण ते मोठ्या इमारतींकडे बघतात. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये बदल झाला आणि इमारतींच्या संहितेत निवासी इमारतीही आल्या. पण मर्यादा १०० किलोवॅट जोडभाराची. एरंडोलच्या घराचा जोडभार तीन-चार किलोवॅट. घरांसाठी 'इको निवास संहिता' २०१८ पासून आहे. तिच्यात भिंतीतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा आहे, छपराचीही आहे. कागदावर चांगली संहिता आहे, आणि नगरपरिषदेच्या खिडकीवर ती कुणी मागत नाही.

महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित इमारतीला बक्षीस आहे: प्रमाणपत्राच्या दर्जानुसार मूळ एफएसआयच्या ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय. ठाण्यात किंवा पुण्यात हे बक्षीस बिल्डरला पैशांत मोजता येतं. एरंडोलमध्ये प्लॉटचा आहे तो एफएसआयच बऱ्याचदा पूर्ण वापरला जात नाही. जेवण झालेल्या माणसाला जादा पोळी वाढावी, तसं हे.

दरम्यान २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. घर बांधणाऱ्याला दिलासा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण सिमेंट वाचवण्याचं जे एक कारण सगळ्यांना कळत होतं, म्हणजे त्याचा भाव, ते थोडं कमजोर झालं.

सोलरचं मात्र गणित जमतं. 'पीएम सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला ३० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. एक किलोवॅट वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतो, म्हणजे वर्षाला साधारण एक टन कार्बन वाचतो. वर पॅनेलची सावली स्लॅबवर पडते, हा बोनस.

सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे?

२२ फेब्रुवारी २०२५ ला पुण्यातल्या बालेवाडीत महाराष्ट्रातल्या २० लाख लाभार्थ्यांना प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांची मंजुरीपत्रं देण्यात आली. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फूट. सपाट भागात केंद्राच्या योजनेचं अनुदान १ लाख २० हजार रुपये.

वरचाच हिशेब लावला तर आरसीसी घराला चौरस फुटामागे २५ ते ३० किलो कार्बन पडतो. घरकुल लहान असतं, काहींवर पत्रा असतो, म्हणून कमी धरून घरामागे ५ टन म्हणू. २० लाख घरकुलांचे झाले एक कोटी टन. त्यात फक्त पाचवा हिस्सा वाचला, तोही पीपीसी, राखेच्या विटा आणि नेमकी सळई एवढ्यावर, तर २० लाख टन होतात. पुण्यातल्या कितीही प्लॅटिनम इमारती एकत्र केल्या तरी हा आकडा गाठणं अवघड आहे.

या २० लाख घरांचं डिझाइन कोण करतं? केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमासोबत 'पहल' नावाने वेगवेगळ्या राज्यांसाठी, तिथली हवा आणि तिथलं साहित्य बघून घरांचे नमुने तयार करून ठेवलेले आहेत. प्रत्यक्षात हप्ता सुटतो तो टप्प्याटप्प्याने काढलेल्या फोटोंवर: जोतं झालं, छप्पर झालं, घर झालं. फोटोत स्लॅब दिसतो. तो कोणत्या सिमेंटचा आहे, त्यात सळई किती आहे आणि मे महिन्यात त्याच्याखाली किती तापतं, हे कुठल्याच रकान्यात भरायचं नसतं.